आधी पिईल तो हरला

सोमवार, ३

भावजय हो म्हणाली. मला वाटलं होतं आढेवेढे घेईल, पाठ दुखते म्हणेल, नवऱ्याला सोडून कशी येऊ म्हणेल. माझ्या सायकलच्या दुकानात मी एका गिऱ्हाइकाच्या चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढत बसले होते आणि ती माझा डबा घेऊन आली. मान वर न करताच विचारलं, "जोडीच्या शर्यतीला माझ्याबरोबर उतरतेस का? आधी पंधरा दिवस वाळवंटात जाऊ सरावाला." ती म्हणाली, "येते, ताई." मान वर केली तर बाईसाहेब पाणी पीत होत्या. ही बाई दिवसभर पाणी ढोसते. घरीसुद्धा धाकट्याच्या खुर्चीशी बसली की आधी स्वतः पिणार, मग त्याच्या हातात ग्लास देणार. आजारी माणसाच्या आधी हिची तहान.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. गेल्या वर्षी याच शर्यतीच्या तयारीला ती दोघं त्याच वाळवंटात गेली होती. लाल खडकांचा एक लांब चढ आहे तिथे. त्या चढावर उष्माघाताने धाकटा पडला आणि ही त्याला तिथे टाकून खाली आली. वाटेवर पाणी पोचवणाऱ्या जीपवाल्या काकांना भेटली तेव्हा हिच्या बाटलीत पाणी होतं. भरलेली बाटली. धाकट्याच्या बाटल्या ठणठणीत कोरड्या होत्या. आता तो एकतीस वर्षांचा माणूस खिडकीशी बसून असतो, हात थरथरतात, एक शब्द शोधायला त्याला अर्धा चहा जातो. त्या दिवसाबद्दल त्याला काही विचारायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद आहे. त्यामुळे कुणीच विचारलं नाही, आणि ही बया वर्षभर त्याच घरात ताठ मानेने वावरते आहे.

मी विसरलेले नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

त्याला मी सायकलवर बसवला. आई कामाला जायची, मग तो दिवसभर माझ्याच गळ्यात. दोघं टेकडीवर सायकली चढवायचो आणि आमचा एक खेळ होता, आधी पाणी पिईल तो हरला. मी कधीच हरले नाही. तो लाल चढसुद्धा मी भर दुपारी एक थेंब न पिता काढलाय. मोह नको म्हणून पायथ्याशीच बाटली ओतून टाकली होती. आमच्या सायकल क्लबात अजून कुणाची छाती झालेली नाही. धाकट्याला इतक्या वेळा ऐकवलंय की झोपेतही म्हणून दाखवेल.

मला तिला मारायचं नाही. एवढी काही मी राक्षसीण नाही. त्याच चढावर पाण्याशिवाय एक दुपार, कुणीतरी येईल म्हणून वाट बघत बसू दे. बस्स, एवढंच.


शनिवार, ८

पोचलो. बंद पडलेल्या खाणीच्या कामगारांच्या खोल्या आहेत, त्यातली एक घेतली. दोन लोखंडी खाटा, एक टेबल, नळ खोकून खोकून तांबडं पाणी देतो. उंबऱ्यावर वाळूचा ढीग, दार पुरतं लागत नाही. भावजयीने आल्या आल्या केरसुणी शोधली. मी म्हटलं, "वाळवंट झाडणार आहेस का?" ती हसली. तिचं हे हसणं मला सहन होत नाही. टोचून बोललं तर माणसाने उलट बोलावं, म्हणजे पुढे भांडता तरी येतं.

जीपवाले काका तेच, गेल्या वर्षीचे. रोज आमच्या वाटेवर ठरलेल्या जागी पाण्याचा कॅन ठेवून यायचं काम त्यांचं. माणूस भला, पण तोंडात तीळ भिजत नाही. पहिल्या चहाला त्यांनी स्वतःच्या दोन्ही सुनांची आणि एका जावयाची अब्रू माझ्यापुढे काढली. भावजयीकडे बघून मात्र हात जोडले. कशासाठी ते विचारलं नाही मी.


रविवार, ९

पहिला दिवस. वाळूत टायरची हवा कमी करायची असते, म्हणजे चाक पसरतं आणि रुतत नाही. ती माझ्या आधीच खाली बसून हवा सोडत होती. जरा जास्तच सोडलीस म्हटलं, तर म्हणाली, "धाकटे एवढीच ठेवायचे." नवऱ्याला धाकटे म्हणते, माझं ऐकून ऐकून. तोंडावर मारल्यासारखं झालं मला.

कोरड्या नदीच्या पात्रातून खडकाळ पठारावर जायची नवी वाट शोधायची आहे, शर्यतीच्या लोकांनी क्लबला तेही काम दिलंय. पात्रात दगडांचा खच. मी पुढे, ती मागे. मुद्दाम जोरात काढली. मागे वळून बघितलं की प्रत्येक वेळी ती तेवढ्याच अंतरावर. पायांत दम आहे, हे कबूल करायला हवं. दर वळणाला घोटभर पाणी पिते आणि मी बघतेय ना याची खात्री करून घेतल्यासारखी माझ्याकडे बघते. मनात म्हटलं, पी बाई, पी. हरलीस. परत येईपर्यंत मी चूळसुद्धा भरली नाही.

संध्याकाळी डोकं ठणकत होतं. जुन्या सायकलीलाही नवं तेल लागतं, सवय होईल.


बुधवार, १२

आज काट्यांचा दिवस. झुडपं बुटकी पण काटे खिळ्यासारखे. टायरच्या आतलं औषध भोक आपोआप बुजवतं, पण त्यासाठी काटा उपटायचा नसतो, तसाच ठेवायचा. दुकानात मी हे रोज लोकांना सांगते. आज माझ्या मागच्या चाकात काटा घुसला आणि मी रागाने उपटून फेकला. फुस्स. सगळं औषध माझ्या पोटरीवर. भावजयीने पंप काढला आणि ती हवा भरायला बसली. तिच्यापुढे मी, सायकलवाली, हात बांधून उभी. या बाईच्या नशिबात माझी फजिती बघणं लिहिलंय.

एक गोष्ट रोज बघतेय. तिच्या सायकलला दोन बाटल्या आहेत. एकीतलं पिते, दुसरीला हात लावत नाही. संध्याकाळी तिच्यातलं गरम पाणी तोंड धुवायला वापरते आणि सकाळी पुन्हा काठोकाठ भरते. आज विचारलंच, "ही कशाला वागवतेस? शोभेला?"

"असू दे, ताई. लागते कधी कधी."

"कुणाला?"

तिने चेनवरची धूळ पुसायला घेतली. मला माहीत आहे कुणाला ते. गेल्या वर्षीही हीच बाटली हिच्याजवळ भरलेली होती आणि माझा भाऊ कोरड्या ओठांनी पडला होता. हिला जीव प्यारा, नवरा नाही.

लिहिताना पेन कागदात रुततंय.


गुरुवार, १३

विश्रांतीचा दिवस. ती कपडे धूत होती तेव्हा काका माझ्याजवळ बसले. म्हणाले, "तुमच्या भावजयीसारखी बाई नाही पाहिली." मी म्हटलं, आम्हीही नाही पाहिली.

त्यांना टोमणा कळला नाही. सांगत बसले, की ती चढावरून पळत आली, पायांतले बूट कुठेतरी पडलेले, ओठ फाटलेले. बाटली उराशी धरलेली. काका म्हणाले, आधी दोन घोट पी, मग बोल, तर बाटली सोडेना. हे त्यांचं आहे, म्हणे. परत चढावर जीप नेईपर्यंत स्वतः एक थेंब नाही घेतला. मग काकांनीच आपल्या कॅनमधलं जबरदस्तीने पाजलं.

नाटकी. दुसरं काय? माणूस मागे टाकून आल्यावर बाटली उराशी धरायला काय जातं? म्हणतात ना, जिवंत असताना घोट नाही आणि मागून गळा काढायचा. आणि त्यांचं होतं तर त्याला देऊन यायचं होतं. तो काय नको म्हणणार होता?

काकांना म्हटलं, रविवारी आम्ही लाल चढ करणार आहोत. कॅन पायथ्याच्या वाकड्या झाडाखाली ठेवता ना, तो या वेळी वर ठेवा, माथ्यावरच्या सपाट खडकामागे. सरावासाठी. ते म्हणाले, "दोघींना माहीत आहे ना पण?" मी म्हटलं, "मी सांगते तिला."


शुक्रवार, १४

सांगितलेलं नाही.

झोप नीट लागली नाही. ती पलीकडच्या खाटेवर शांत झोपते, पालथी, लहान मुलीसारखी. मनात आलं, सोडून द्यावं. शर्यत करावी, घरी जावं. मग धाकट्याचा शर्टाची बटणं लावतानाचा चेहरा आठवला. तीन बटणं लागली की तो दमतो आणि उरलेली उघडी ठेवून हसतो. ज्या पोराने माझ्या दुकानातली अवघड चाकं डोळे मिटून सरळ केली, त्याचं हे. नाही. करावं तसं भरावं. मी देव नाही, पण देवाला काय तेवढाच उद्योग आहे? माणसांनीही थोडं करावं लागतं.

आज नवी वाट सापडली. पात्राच्या उजव्या काठाने एक कपार आहे, तिच्यातून सायकल खांद्यावर घेऊन चढलं की थेट पठार. वरून सगळं वाळवंट दिसतं, मिठाचं मैदान पांढरं फटक. ती म्हणाली, "धाकट्यांना दाखवायला हवं होतं." मी म्हटलं, "हवं होतं खरं." तिचे डोळे भरले. माझे नाही भरले. मी आधीच ठरवून टाकलं होतं.


मंगळवार, १८

दोन दिवस हात चालत नव्हता. आज लिहिते. सगळं लिहिते, कारण डोक्यात ते सारखं मागे-पुढे होतंय.

रविवारी पहाटे निघालो. पायथ्याच्या थोडं अलीकडे मी म्हटलं, "मी पुढे होते, झाडाखाली कॅन आहेच, भरून घे आणि ये." ती म्हणाली, "थांबा ना, बरोबर जाऊ." मी थांबले नाही. वाकड्या झाडाशी आले, कॅन नव्हता, म्हणजे काकांनी ऐकलं होतं. मग मी माझी पाण्याची पिशवी पाठीवरून काढली आणि झाडाच्या बुडाशी ओतली. अकरा वर्षांपूर्वी ओतलं होतं तसंच. वर कॅन होताच माझ्यासाठी. आणि मनातून मला हेही हवं होतं, की हिच्या नाकावर टिच्चून चढ पुन्हा कोरड्या घशाने काढावा.

अर्ध्यापर्यंत झकास गेले. मग घाम यायचा थांबला. मला वाटलं, वा, वारा सुटला. थंडी वाजायला लागली. भर उन्हात थंडी, आणि मला त्याचं काही वाटेना. सपाट खडक दिसला, त्याच्यामागे बघितलं, कॅन नाही. पुढे दुसरा सपाट खडक, तिथेही नाही. सगळेच खडक सपाट दिसत होते. मी सायकल कधी सोडली ते आठवत नाही. एका कातळाच्या हातभर सावलीत डोकं घातलं आणि आईला हाका मारत होते, एवढं आठवतंय.

मग ती दिसली. सायकल नव्हती तिच्याजवळ, धापा टाकत वर येत होती, हातात ती बाटली. माझ्या तोंडाला लावली. मी तोंड फिरवलं. खरं सांगते, मरत होते तरी तोंड फिरवलं. दातावर दात घट्ट. तिने बाटली खाली केली, माझ्यासमोर बसली, स्वतः एक घोट घेतला, मला दिसेल असा. गिळला आणि म्हणाली, "मी हरले, ताई. मी आधी प्यायले. आता प्या."

आणि मी प्यायले.

या खेळाचं मी तिला कधी सांगितलं नव्हतं. धाकट्याने सांगितलं असणार. निदान हरले म्हणाली. खोटं कशाला लिहू, तेवढं ऐकून त्या अवस्थेतही मला बरं वाटलं.

उरलेलं पाणी तिने माझ्या मानेवर आणि काखेत ओतलं. आपला शर्ट काढून माझ्या डोक्यावर धरून बसली. मी विचारलं, इतक्या लवकर कशी आलीस? म्हणाली, "झाडाखाली पाणी ओतलेलं दिसलं. माती ओली होती. गेल्या वर्षीसारखीच. सायकल टाकली आणि पळत सुटले." पुढेही काहीतरी म्हणाली. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, ऐकू आलं नाही.

ऊन कलल्यावर मला काखेत धरून तिने वर नेलं. कॅन तिथून फार लांब नव्हता. ती कॅनकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काकांनी चुकून इथे ठेवलेला दिसतो." माझ्याकडे बघितलं नाही. मी म्हटलं, "हो. म्हातारे झालेत."


गुरुवार, २०

उद्या घरी. ती सगळं बांधते आहे, माझंसुद्धा. मला खाटेवरून उठू देत नाही. मीठ-साखरेचं पाणी घेऊन येते, आधी स्वतः घोट घेते आणि मग मला देते. मी घेते. काय करू? अंगात त्राण नाही.

पण हे असं चालायचं नाही. हिचे उपकार डोक्यावर घेऊन मी जन्म काढायचा? उद्या क्लबात सगळ्यांना कळणार, ताईला भावजयीने उचलून आणली. आधी माझा भाऊ संपवला, आता माझी लाजही हिच्या पदरात. आणि वर काकांनी मला तोंडावर विचारलं, "मी कॅन चुकून ठेवला म्हणाली ती. तुम्ही तिला सांगितलं नव्हतं होय?" मी म्हटलं, गडबडीत राहिलं. ते मान हलवत गेले. तेव्हापासून त्यांना सुनांबद्दलही काही बोलायचं नाहीये.

एक गोष्ट आहे. चढावर आम्ही दोघीच होतो. घरी धाकटा विचारणार, ओठ कसे फाटले. मी सांगेन ते खरं. तो बिचारा, त्याला बायकोचा एवढा लळा. त्याने नुसतं एकदा तिच्याकडे परक्यासारखं बघितलं तरी माझं काळीज थंड होईल. ठरलं. यात माझं मन मला खात नाही, असं लिहिणार होते. खातं थोडं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशी मी आहे, आता काय बदलणार?


शुक्रवार, २१

दुपारी पोचलो. ती खाली जीपमधून सायकली उतरवत होती, मी जिना चढून आधी वर आले. धाकटा खिडकीशी. शर्टाची तीन बटणं लावलेली. मला बघून उठायला गेला, मी बसवलं. माझ्या ओठांकडे बघत म्हणाला, "काय... झालं?"

वाक्य तयार होतं. रस्ताभर घोकलं होतं. म्हटलं, "तुझी बायको मला टाकून गेली. त्याच चढावर. बाटलीत पाणी असताना."

त्याच्या कपाळावर आठ्या आल्या. मला वाटलं, रागावला. मनात आलं, आता कळेल बाईसाहेबांना.

मग म्हणाला, "शहाणी आहे."

"कोण?"

"मीच... सांगितलेलं. गेल्या वर्षी." एकेक शब्द ओढून काढत होता, पण अडला नाही. इतकं सलग तो वर्षभरात बोललेला नाही. "ती आधी प्यायली. दोनदा. हरले म्हणाली. मी म्हटलं, पैज तुझ्याशी... नाही लागलेली. ताईशी लागलीये. हा ताईचा चढ. माझं पाणी मी... खाली ओतलं होतं. तिचं मी घेईना. मग म्हटलं, जा तू. जो पीत नाही, त्याच्यापाशी बसायचं नाही. माणसं आण."

त्याला सगळं आठवत होतं. आम्ही विचारलं नव्हतं, म्हणून त्याने सांगितलं नव्हतं.

तो पुढे वाकला. "तू का... नाही प्यायलीस, ताई?"

भावजय दारात उभी होती, दोन्ही खांद्यांवर बॅगा. किती ऐकलं होतं कुणास ठाऊक. सगळंच ऐकलं असणार, जिन्यात आवाज जातो. आता बोलेल असं वाटलं. बोलायलाच हवं होतं, कुणीही बोललं असतं. ती बॅगा खाली ठेवत म्हणाली, "हो, गेले मी पुढे. चुकलंच माझं. ऊन फार होतं हो तिथे."

वर्षभर ती हेच करत होती. हे मला त्या क्षणी कळलं. माझं नाव या घरात एकदाही येऊ न देता तिने सगळ्यांच्या नजरा झेलल्या, माझे टोमणे, माझ्या आईचा अबोला. आणि आताही तेच. मला हवं होतं ते तिने आपण होऊन माझ्या हातात ठेवलं होतं. नुसतं गप्प बसायचं होतं मला.

म्हटलं, "ती नाही गेली. मी गेले होते तिला टाकून. पाणी लपवून गेले होते. तिने आणलं मला."

भावजय बुटाच्या नाड्या सोडायला खाली बसली. तिचे खांदे हलत होते. मी धाकट्याकडे बघितलं. चिडेल, हाकलून देईल, काहीही करेल, मी तयार होते. त्याला त्याचं काहीच नव्हतं. कोण कुणाला टाकून गेलं हे त्याने ऐकलंसुद्धा नसावं. तो माझ्या फाटलेल्या ओठांकडे बघत होता, लहानपणी चाकाचं एखादं कोडं सुटत नसलं की बघायचा तसा, आणि मी सांगेन ते ऐकून घ्यायला थांबला होता.

"पण प्यायली का नाहीस?" त्याने पुन्हा विचारलं.